अनंत फुलला हो!

अहो, फुलला! पुण्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत, कुंडीत, खराखुरा अनंत! जो भेटेल त्याला धरून सांगत सुटले आहे. इस्त्रीवालासुद्धा सुटला नाही.

आधी कळी बघा. चकचकीत गर्द पानांच्या बेचक्यात हिरवट-पांढरी, आणि चक्क पिळलेली! पाकळ्या एकमेकींवर तिरक्या गुंडाळलेल्या. दिवेलागणीला टोकाशी जरा सैल झाली होती, निजायच्या वेळेपर्यंत सगळा पीळ सुटला. आणि वास! आत लसणीची फोडणी तडतडत होती, तिलाही बधला नाही. दुसऱ्या दिवशी तेच फूल सायीच्या रंगाचं, मग पिवळट, मग तपकिरी. पण वास सोडायचं नाव नाही.

इतकी वर्षं देवघरात बघितलेलं हे फूल, पण तो कॉफीच्या कुळातला आहे हे मला कुणी सांगितलं कसं नाही? मूळ चीन-जपानकडचा. चार्ल्सटनच्या अलेक्झांडर गार्डन नावाच्या डॉक्टरवरून १७६१ साली ‘गार्डेनिया’ झाला. आणि ऐका, एकेरी पाकळ्यांच्या अनंताला केशरी फळं धरतात, त्यांत केशरातलंच रंगद्रव्य असतं. जपानात मुळ्याचं लोणचं त्यानं पिवळं करतात! आमचा दुहेरी, त्याला फळ जवळजवळ धरतच नाही. असू दे. वासावर सगळं माफ.

सगळी गंमत मातीत आहे. याला आंबट माती हवी. कोकणात तांबड्या मातीत तो अंगणात सहज पुरुषभर वाढतो. आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही, मग कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. म्हणून कुंडीत तांबडी माती, पालापाचोळ्याचं खत, कोकोपीट. बोअरचं जड पाणी नाही म्हणजे नाही; पावसाचं मिळालं तर सोनंच. सकाळचं ऊन, दुपारची सावली. आणि कळ्या धरल्यावर कुंडी इकडची तिकडे हलवायची नाही, पाण्याची ओढही बसू द्यायची नाही. रुसतो लगेच आणि कळ्या टाकतो. युरोपातल्या कडक हिवाळ्यात म्हणे बिचाऱ्याला घरात घ्यावं लागतं. आपल्याकडे बारा महिने बाहेर, बारा महिने हिरवा!

आणि सगळ्यात भारी तर पुढेच! बाळांच्या दात येण्याच्या वेळी आजीच्या बटव्यातून निघायचा तो उग्र वासाचा डिंक, डिकेमाली, तोही एका गार्डेनियाचाच! आपल्याच रानातला, पांढरी फुलं मागाहून पिवळी होणारा, अनंताचा सख्खा चुलतभाऊ. त्याचं रोप कुठे मिळेल, कुणाला ठाऊक असेल तर सांगा. गच्चीत आता पाय ठेवायला जागा नाही, पण ते बघू नंतर.