खालीं मान

“मुलींनीं खालीं मान घालून चालावें,” असें मीं तीस वर्षें वर्गांत सांगत आलों. परवां आमची नात शिकवणीहून घामाघूम परतली. गल्लीच्या तोंडापासून एक इसम मागें लागला होता. ती थांबली, वळली, सरळ त्याच्याकडे पाहून खणखणीत आवाजांत म्हणाली, “काय हवंय?” गृहस्थ (हा शब्दहि त्यास शोभत नाहीं!) चालता झाला.

१९८१ सालीं ग्रेसन व स्टाइन ह्या अभ्यासकांनीं न्यूयॉर्कमधील पादचाऱ्यांचीं चलच्चित्रें हल्ल्याच्या गुन्ह्यांतील कैद्यांस दाखविलीं. सावज कोणतें, हें त्यांनीं नुसत्या चालीवरून सांगितलें. ज्यांचें पाऊल बेढब, हालचाल विस्कळित, तीं माणसें त्यांस सोपीं वाटलीं. मग मीं मुलींस काय शिकविलें?

“भ्याली नाहींस?” मीं विचारलें.

“भ्यालें ना, आजोबा. पाय लटपटत होते. मान तेवढी वर ठेवली.”

काल देवळाकडे जातांना तिनें माझीच पाठ सरळ केली.