नायगाराचं रिटर्न गिफ्ट

टोरंटोहून नायगारा साधारण १३० किलोमीटर. दोन वर्षांपूर्वी माझ्या मामेभावाने, म्हणजे दादाने, सीएन टॉवर वगैरे एका दिवसात उरकून मला थेट तिथे नेलं होतं. लाल रेनकोट, बोट आणि अंगावर येणारे ते तुषार... मी चक्क रडले. (वहिनीच्या कॅमेऱ्यात पुरावा आहे!) परतताना मात्र दादाने एक माहिती पुरवली आणि सगळ्या रोमान्सची हवाच गेली. अमेरिका-कॅनडाच्या १९५० च्या करारानुसार टुरिस्ट सीझनमध्ये दिवसा सेकंदाला किमान एक लाख घनफूट पाणी धबधब्यावर सोडायचं, रात्री त्याच्या निम्मं चालतं. उरलेलं वीज बनवायला. म्हणजे नायगाराला नळ आहे!

या ऑगस्टमध्ये दादा-वहिनी यवतमाळला आले. आता पाळी माझी. सहस्रकुंडही आमच्याकडून जवळजवळ तेवढंच लांब. आर्णी, महागाव, उमरखेड, ढाणकी... दोन्ही बाजूंना कपाशी, सोयाबीन आणि खड्डे चुकवताना वहिनीच्या हातून दोनदा पडलेला आलूबोंडा. 'विदर्भाचा नायगारा' म्हणून मी एवढं मार्केटिंग करून ठेवलेलं की आता मलाच टेन्शन. उंची बघाल तर जेमतेम तीस-चाळीस फूट!

पण पैनगंगा त्या दिवशी फॉर्मात होती. नायगारासारखा एकसंध पडदा नाही. काळ्या खडकात जिथे फट मिळेल तिथून पाणी उड्या मारत होतं. रंग दूध घातलेल्या कॉफीचा. आवाज इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं. अलीकडे यवतमाळ, पलीकडे नांदेड. इकडे विदर्भ, तिकडे मराठवाडा. दादा ओरडला, "यातली कॅनडाची बाजू कुठली गं?" समोरच्या काठावरची गर्दी बघून मी उत्तर टाळलं.

आणि मग तो फोटोसाठी ओल्या खडकावर गेला. एकच पाऊल पुढे.

"ओ भाऊ, मांगं या! शेवाळ हाये तिथं!" बकऱ्या घेऊन आलेले एक आजोबा ओरडले. दादाचा पाय सटकलाच. तो खाली बसला म्हणून वाचला. दोन मिनिटं आम्ही तिघंही गप्प. आजोबा मात्र शांतपणे सांगत होते, "वर इसापूर धरणाचं दार उघडलं का इथं पाणी वाढते. इथं पाऊस नसला तरी."

म्हणजे नळ इथेही आहे. फक्त त्याचं टाइमटेबल टुरिस्टसाठी नाही.

जायचं असेल तर पावसाळ्यात जा, फार तर ऑक्टोबरपर्यंत. मे महिन्यात गेलात तर नुसते खडक बघून याल. निघण्याआधी धरणातून पाणी सोडणार आहेत का ते विचारा. जेवण उमरखेडलाच उरका. शूज ग्रिपवाले हवेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. दादाचे टोरंटोहून आणलेले, ब्रॅण्डेड होते.