वेळ विचारायलाही परवानगी

हिशेबाचा जुना संगणक वीज गेली की तारीख-वेळ विसरतो. आतली बॅटरी संपलेली, आणि जालन्याच्या उन्हाळ्यात विजेचं येणं-जाणं चालूच. त्याला इंटरनेट मुद्दामच दिलेलं नाही. म्हटलं, पुढच्या खोलीतल्या नव्या संगणकाकडून वेळ घेऊ. ‘नेट टाइम’ची कमांड दिली. उत्तर आलं, ‘सिस्टम एरर ५, अ‍ॅक्सेस इज डिनाइड’. एकाच घरात, एकाच राउटरवर, आणि वेळ विचारायलाही परवानगी!

राग ओसरल्यावर उलगडा झाला. इथे परवानगी दोन ठिकाणी लागते. एक तर समोरचा संगणक अनोळखी माणसाला दाद देत नाही. तिथलं खातं आणि पासवर्ड लागतो. दुसरं, इकडचं घड्याळ बदलायला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे हक्क लागतात. ते योग्यच म्हणा. कुणीही तारीख मागे नेऊ लागला तर बिलांवर भरवसा कोण ठेवणार? कमांडची काळी खिडकी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडली, आधी ‘नेट यूज’ने ओळख पटवली, आणि वेळ जुळली.

तरी हा द्राविडी प्राणायामच. नेटवर्कवरून वेळ जुळवायची १९८५ पासूनची एनटीपी पद्धत सहसा पासवर्ड मागत नाही. वेळ देणाऱ्या संगणकाच्या फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ पोर्ट मात्र मोकळं लागतं. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळाही भारतीय प्रमाणवेळ याच मार्गाने पुरवते. ती वेळ ८२.५ अंश रेखांशाची. जालन्यात सूर्य माथ्यावर यायला त्याहून सरासरी २६ मिनिटं जास्त लागतात, पण संगणकाला त्याचं काय!

तुमचंही घड्याळ वीज गेल्यावर मागे जात असेल, तर आधी ती बॅटरी बदला. बहुतेक वेळा सीआर २०३२ असते.