पुढचा!

मी बी.कॉम. आहे, तेही दुसऱ्या वर्गात. जगातल्या प्रत्येक गोष्टीला जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात आणि महिनाअखेरीला त्या जुळत नाहीत, एवढ्या ज्ञानाच्या भांडवलावर मी गेली 22 वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसलो आहे. कॉम्प्युटर समोरच असतो. पण आमचे संबंध चाळीतल्या शेजाऱ्यासारखे. रोज तोंड बघायचं, आत काय चाललंय ते विचारायचं नाही.

अशात गेल्या जानेवारीत पुतण्या आमच्याकडे महिनाभर 'घरून काम' करायला आला. म्हणजे घर आमचं, काम त्याचं. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "काका, सध्या मी मिडलवेअर डिझाइन करतोय."

सौ.च्या हातातली पोळी हातातच राहिली. "अरे, एवढा इंजिनिअर झालास आणि कपड्यांच्या धंद्यात पडलास? आणि हे मधलं कधी घालायचं रे? स्वेटरच्या आत की बनियनच्या वर?"

पोरगं शहाणं. हसलं नाही. म्हणालं, "काकू, हे कपडे नव्हेत. काका, तुमच्याकडे चेक आला की काय होतं?"

"काय व्हायचंय? मी तारीख बघतो, आकडे आणि अक्षरं जुळतात का बघतो. साहेब सही पडताळतात, पास करतात. मग कॅशियर पैसे मोजतो."

"झालं तर! चेक देणारा आणि पैसे यांच्या मधले तुम्ही सगळे म्हणजे मिडलवेअर."

22 वर्षांच्या नोकरीत मला इतक्या नेमक्या शब्दात कोणी ओळखलं नव्हतं.

मग त्याने मला सगळं पुराण सांगितलं. जावास्क्रिप्ट ही मुळात ब्राउझरमध्ये राहणारी भाषा. 2009 साली नोड आलं आणि ती सर्व्हरवर मोठ्या प्रमाणात नांदायला लागली. 2010 साली एक्सप्रेस नावाचं फ्रेमवर्क आलं. त्यात बाहेरून आलेली विनंती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते आणि प्रत्येक टेबल आपलं काम झालं की 'नेक्स्ट' म्हणतं. त्याच मंडळींनी 2013 साली कोआ काढलं. त्यात विनंती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी आत जाते आणि त्याच पापुद्र्यांतून उलट बाहेर येते. देवळात जाताना चपला काढायच्या, पाय धुवायचे, घंटा वाजवायची. येताना चपला सगळ्यात शेवटी. चपलांपाशी बसलेल्या माणसालाच कळतं की दर्शनाला एकूण किती वेळ लागला.

"आणि तू काय करतोयस?"

"आमच्या कंपनीचं स्वतःचं फ्रेमवर्क आहे. त्यात हुक कुठे द्यायचे ते ठरवतोय."

हुक म्हणजे खुंटी. घर बांधणाऱ्याने भिंतीत आधीच ठोकून ठेवायची. राहणाऱ्याने तिला कोट टांगावा की पिशवी, त्याची मर्जी. पण खुंटी योग्य जागी नसली, तर राहणारा स्वतः खिळे ठोकतो आणि गिलावा पडतो. फास्टिफाय नावाच्या फ्रेमवर्कमध्ये विनंती दारात आल्यापासून उत्तर रवाना झाल्यानंतरपर्यंत जागोजाग खुंट्या आहेत. आत आल्याबरोबर एक, मजकूर उलगडण्याआधी एक, तपासणीआधी एक, मुख्य कामाआधी एक, उत्तर निघण्याआधी एक.

"एवढ्या कशाला? ओळख पटवायला एक पुरे."

"काका, एखादा माणूस चिल्लरची गोणी घेऊन आला. तुम्ही तासभर ती मोजली आणि मग म्हणालात, तुमचं खातं इथे नाही. चालेल? म्हणून ओळख गोणी सोडण्याआधी."

हे मला पटलं. असा तास मी भोगलेला आहे.

मला चेव चढला. मी आवक नोंद, जावक नोंद, छोटी सही, मोठी सही अशा 14 खुंट्या सुचवल्या. तो म्हणाला, "एकदा दिलेली खुंटी काढता येत नाही. कोणीतरी तिला काहीतरी टांगलेलं असतंच." सौ.ने बेडरूमच्या दारामागच्या माझ्या जुन्या रेनकोटकडे सूचक नजरेने पाहिलं. मी विषय बदलला.

"ते 'नेक्स्ट' बाकी मला येतं. दिवसभर तेच ओरडतो. पुढचा!"

"नाही काका. तुमचा 'पुढचा' म्हणजे पुढचा माणूस. आमचा 'नेक्स्ट' म्हणजे हाच माणूस, पुढच्या टेबलावर. नियम साधा आहे. एक तर उत्तर देऊन टाका, नाहीतर पुढे पाठवा. दोन्ही केलंत तर बोंब होते. पण दोन्ही केलं नाहीत तर काहीच होत नाही, आणि ते जास्त वाईट. चूक दिसत नाही, तक्रार येत नाही. समोरच्याच्या पडद्यावर नुसतं चाक फिरत राहतं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या शाखेत चार दिवस एक निवृत्त गुरुजी येऊन बाकावर बसत होते. त्यांची पेन्शन जमा झाली नव्हती. मी रोज सांगायचो, "वरून आलेली नाही. पुढचा!" आणि आता अंधारात मला नोव्हेंबर आठवायला लागला. गुरुजींचा हयातीचा दाखला. हात थरथरल्यामुळे सही जुळत नव्हती. 'साहेबांना विचारू' म्हणून मी तो बाजूला ठेवला होता.

सकाळी शिपायाच्याही आधी पोचलो. ड्रॉवर उघडला. कॅलेंडरखाली दाखला होता. परत केलेला नव्हता, पुढे पाठवलेला नव्हता. चाक फिरत होतं, आणि ते चाक बाकावर बसलेलं होतं.

साहेबांपुढे कबूल केलं. जे ऐकायचं ते ऐकलं. नवा अर्ज भरला, अंगठा घेतला, साहेबांच्या समोर घेतला, आणि कागद हातात धरून स्वतः टेबलाटेबलावर फिरलो. मग गुरुजींना म्हणालो, "चूक वरची नव्हती. माझ्या ड्रॉवरची होती."

गुरुजींनी चष्मा पुसला. औषधाच्या दुकानात उधारी झाली होती, एवढंच म्हणाले. थोड्या वेळाने विचारलं, "म्हणजे आता मी कागदोपत्री हयात आहे ना?"

"आहात, गुरुजी."

"मग ठीक. मला आपलं वाटायला लागलं होतं, मलाच कोणी सांगितलं नाही."

रागावले असते तर बरं झालं असतं.

घरी येऊन पुतण्याला म्हटलं, "तुझ्या त्या फ्रेमवर्कमध्ये आणखी एक खुंटी ठोक. ठरलेल्या वेळात टेबलाने काहीच केलं नाही तर ओरडणारी."

"टाइमआउट! ते आहे काका."

आमच्या बँकेत नाही. म्हणून आता संध्याकाळी निघण्याआधी मी स्वतःच ड्रॉवर रिकामा करतो. काउंटरवर 'पुढचा!' अजून ओरडतो. पण त्याआधी मागचा कुठे पोचला ते बघतो.

सौ.ने त्या प्रेरणेने रेनकोटाला खुंटीवरून 'नेक्स्ट' केलं. भांडी विकणारीच्या टोपलीत.