वहिनींची पीएच.डी.

"आमची सून गणितात पीएच.डी. करतेय," असं आई पाहुण्यांना कौतुकानं सांगू लागली, की आतून वहिनींचा आवाज येतो, "गणितात नाही हो आई, गणिताच्या शिक्षणात!" आईच्या लेखी हा फरक पुरणपोळी आणि पुरणाची पोळी यांच्यातल्या फरकाएवढाच. पाहुणेही मान डोलावतात आणि विचारतात, "म्हणजे बी.एड.च्या पुढचं काहीतरी ना?"

नाही, तेही नाही. मग हे आहे तरी काय? पत्रकारितेची पदविका पदरात पाडून घेतल्यापासून मी दर आठवड्याला कुणाला ना कुणाला काही ना काही विचारत आलो आहे. पण घरातल्याच माणसाला नीट विचारायचं राहून गेलं होतं. गेल्या दिवाळीत चकल्यांच्या घाण्याशेजारी बसून मी विचारलं, आणि वहिनींनी सोऱ्या बाजूला ठेवला.

वहिनी मूळच्या गणिताच्या. पुण्याहून एम.एस्सी., मग बी.एड., मग नाशिकच्या एका अनुदानित शाळेत शिक्षणसेवक म्हणून तुटपुंज्या मानधनावर तीन वर्षं आणि त्यानंतर कायम. पाचवी ते दहावी गणित. एका वर्गात साठ मुलं, शिवाय जनगणना, निवडणूक, स्कॉलरशिपचे जादा तास. शाळेत एकूण तेरा वर्षं झाली. अशा बाईनं छत्तिसाव्या वर्षी, मुलगी सहावीत आणि घराचे हप्ते चालू असताना, बिनपगारी रजा घेऊन मुंबईला विद्यार्थिनी म्हणून जायचं? नातेवाइकांत चर्चा झाली. दादाला दोघातिघांनी बाजूला घेऊन "सगळं ठीक आहे ना?" असंही विचारलं!

कारण होतं एक वही. दोनशे पानी, कोपरे दुमडलेली. वहिनी तिच्यात मुलांची चुकलेली उत्तरं लिहून ठेवत. बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच असतात, चुकीची मात्र ज्याची त्याची असतात, असं त्यांचं म्हणणं. ०.३५ आणि ०.८ यांत मोठं कोण? वर्गातली निम्मी मुलं ठामपणे ०.३५ म्हणत, कारण ३५ हे ८ पेक्षा मोठे! यात आळस नाही की बेफिकिरी नाही. आधी शिकलेला नियम पोरानं इमानदारीनं नव्या जागी लावला आहे. चूक अशी कारणासहित येत असेल, तर लाल शाईची फुली मारून ती जाणार कशी? या प्रश्नाचं उत्तर त्यांना शिक्षकांच्या प्रशिक्षण शिबिरांत मिळालं नाही.

मग कुणीतरी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचं नाव सांगितलं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं १९७४ साली सुरू केलेलं हे केंद्र. तिथे विज्ञान आणि गणित कसं शिकलं जातं, यावरच पीएच.डी. करता येते. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, निवड झाली. विद्यावेतन मिळतं, पण पगाराशी त्याची तुलना करू नये, मन खट्टू होतं.

खरी गंमत पुढेच आहे. गणितातली एम.एस्सी. इथे फार तर दारापर्यंत नेते. आत गेल्यावर मानसशास्त्र हवं, संख्याशास्त्र हवं, मुलाखत कशी घ्यायची आणि मूल बोलत असताना आपण गप्प कसं बसायचं हेही यायला हवं. (गप्प बसणं शिक्षकांना सगळ्यांत जड जातं, इति वहिनी.) इंग्रजी शोधनिबंधांचे ढीग वाचायचे. पहिले सहा महिने त्या रात्री दोनपर्यंत जागत. शेजारी बसणारी मुलं चोवीस-पंचवीस वर्षांची, त्यांची इंग्रजी धाडधाड धावणारी. पण एखाद्या चर्चेत "वर्गात असं होत नाही" हे सांगायची वेळ आली, की सगळे वहिनींकडे बघत. तेरा वर्षांचा खडू तिथे कामाला आला.

त्या वाचनातल्या दोन गोष्टी त्यांनी मला सांगितल्या, त्या तुम्हालाही सांगतो. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळं विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले, तेव्हा ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तसेच हिशेब नुसत्या आकड्यांत मांडून कागद-पेन्सिल हातात दिली, तर बरोबर उत्तरांचं प्रमाण ३७ टक्क्यांवर घसरलं! आपल्या मंडईत भाजीवाल्या मावशींचा नातू बोलता बोलता हिशेब करतो आणि शाळेत गणितात नापास होतो, ते आठवा.

दुसरी गोष्ट साध्या बरोबरच्या चिन्हाची. ८ + ४ = [ ] + ५, या चौकटीत काय येईल? अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहावीच्या १४५ मुलांपैकी एकानेही ७ लिहिलं नव्हतं. बहुतेकांनी १२ लिहिले, काहींनी १७. मुलांना ते चिन्ह म्हणजे "आता उत्तर लिही" असा हुकूम वाटतो. दोन्ही पारडी सारखी, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. मी घरी पुतणीला हे घातलं. तिनं १२ लिहिलं आणि आईकडे पाहिलं. वहिनींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता!

आपल्या मराठीची अडचण आणखी वेगळी. एकोणतीस म्हणताना आपण तिसाचं नाव घेतो आणि लिहितो २९. त्रेसष्ट म्हणताना आधी तीन ऐकू येतात आणि लिहायचे मात्र आधी सहा. वहिनींच्या वहीत एकोणतीस ऐकून ३९ लिहिणारी आणि त्रेसष्टचे ३६ करणारी मुलं पानोपानी आहेत. त्यात एकोणनव्वद आहे, पण एकोणशंभर नाही, तिथे एकदम नव्याण्णव! २०१९ साली दुसरीच्या बालभारतीत "वीस एक" अशा वाचनाची सोय आली, तेव्हा केवढा गहजब झाला, ते अनेकांना आठवत असेल. विधानसभेत टिंगल झाली, भाषा बुडाली म्हणून गळे काढले गेले. माझं स्वतःचं मत विचाराल तर एकवीस-बावीस मला प्रिय आहेत. पण सात वर्षांच्या पोराला ते का जड जातात, याचा विचार टिंगल करणाऱ्यांपैकी किती जणांनी केला असेल?

त्या वेळी गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. १९६४ साली एम.ए.ला सुवर्णपदक, नंतर संसार, तीन मुली आणि १९८१ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, अंकशास्त्रात पीएच.डी. आणि एवढं उच्च गणित शिकलेली बाई दुसरीच्या पुस्तकात डोकं घालून बसली. २०२३ च्या जुलैत त्या गेल्या. वहिनींच्या टेबलावर त्यांचं एक कात्रण काचेखाली आहे. शेजारी देवळालीच्या कापरेकर मास्तरांचं. कापरेकरांना ६१७४ या संख्येनं जगभर नाव दिलं, पण पोट भरलं ते शाळामास्तरकीनं, आणि बी.एस्सी.च्या पुढची पदवी त्यांच्याकडे नव्हती. या कात्रणांवरून दादा वहिनींना चिडवतो, "देवघर झालं तुझं!"

दर शुक्रवारी रात्री वहिनी पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोडला उतरतात आणि सोमवारी पहाटे परत निघतात. मधल्या दिवसांत डबा आई करते, अभ्यास दादा घेतो, आणि दोघं एकमेकांच्या तक्रारी फोनवरून मुंबईला पाठवतात. पुतणीनं एकदा सरळ विचारलं, "तू दुसऱ्यांच्या मुलांच्या चुका बघायला जातेस, माझ्या कोण बघणार?" वहिनी त्या सोमवारी गेल्या नाहीत. मंगळवारी गेल्या.

प्रश्न आता रजेचा आहे. शाळेनं दोन वर्षं दिली होती, वर एक वाढवून दिलं, तेही येत्या जूनमध्ये संपेल. प्रबंधाला मात्र अजून दोन वर्षं तरी लागतील. कायम नोकरी सोडायची, की अर्ध्यावरून परत वर्गात उभं राहायचं? दादा म्हणतो, सोड. आई म्हणते, सरकारी पगार असा कुणी लाथाडतं का? पीएच.डी. झाल्यावर नोकऱ्या किती, हे मी विचारलं, तेव्हा वहिनींनी बोटांवर मोजल्या: अध्यापक विद्यालयं, पाठ्यपुस्तकांचं काम, दोन-चार विद्यापीठं, काही स्वयंसेवी संस्था. दुसऱ्या हाताची गरज पडली नाही.

"मग हो?"

"भाऊजी, माझी सहावी ब ची मुलं यंदा नववीत आहेत. जूनमध्ये दहावीला जातील. त्यांना मीच हवीय, असं मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या." एवढं बोलून त्यांनी सोऱ्या पुन्हा उचलला. तेल तापलं होतं.

वही सध्या मुंबईत आहे. आता ती तिसरी वही आहे, आणि शुक्रवारी ती त्यांच्यासोबत नाशिकला येते. कारण शनिवारी त्या आपल्या जुन्या शाळेत जातात, पगाराविना, मुलांच्या शेजारी बाकावर बसतात आणि विचारतात, "हे तू कसं केलंस, मला सांग ना."