वगळलेले पान

माझा लेखनाचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो आणि नळाला पाणी आले की संपतो. आमच्या भागात पाणी सहाच्या सुमारास येते. मग हंडे, चहा, मुलाचा डबा, सासूबाईंची औषधे. गेली कित्येक वर्षे मी जे काही लिहिले, ते या दीड तासाच्या तुकड्यांत. संसार आणि नोकरी सांभाळून अभ्यासाला बसणाऱ्यांना अशा तुकड्यांचे मोल वेगळे सांगायला नको.

मी स्वतंत्र कादंबरीकार आहे, म्हणजे कादंबरी लिहिते मी आणि छापूनही मीच घेते. पहिले हस्तलिखित एका प्रकाशकाकडे वर्षभर पडून राहिले, तेव्हा भिशीचे पैसे उचलून तीनशे प्रती छापल्या. त्यांतले उरलेले गठ्ठे आजही आमच्या पलंगाखाली आहेत. मुद्रिते तपासणे, ग्रंथालयांना पत्रे लिहिणे, पार्सले बांधून टपाल कचेरीत नेणे हाही माझ्या लेखनाचाच भाग झाला आहे. हे कधी कधी विनोदाने म्हणतात, ‘लेखिकाबाईंच्या बोटांना शाईपेक्षा डिंकच जास्त.’

गेल्या आठवड्यात दुसऱ्या कादंबरीची शेवटची मुद्रिते हातात होती. सोमवार आणि मंगळवार ऱ्हस्व-दीर्घात गेले. दुपारी जेवणानंतर मी हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ पुन्हा वाचायला घेतली होती. 1890 मध्ये हरिभाऊंनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ही कादंबरी त्यातून क्रमशः प्रसिद्ध झाली. आनंदाश्रमाची व्यवस्था आणि पुणे नगरपालिकेचे काम पाहणारा हा माणूस. पण वाचकांपुढे हप्ता ठेवायचा, तर सवडीची वाट पाहून कसे चालणार? कॉलेजात असताना मला या कादंबरीतली यमूची दुःखेच तेवढी दिसली होती. या वेळी नजर अडली ती ‘मी’ या शब्दावर. एका पुरुषाने यमूचा ‘मी’ स्वतःवर घेतला आणि तिच्या वाट्याला आलेले काही सौम्य केले नाही. मी मात्र माझ्या कादंबरीत याच्या नेमके उलटे केले होते. स्वतःच्या ‘मी’ची मी ‘ती’ करून टाकली होती.

माझी ही कादंबरी 2019 च्या ऑगस्टमधल्या सांगलीच्या महापुराची आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेले. पुराचे पाणी लाटांनी अंगावर येते, अशी पाहणाऱ्याची कल्पना असते. आमच्याकडे ते आधी गटारातून आले, मग न्हाणीच्या मोरीतून, अगदी हळू, आवाज न करता. 2005 साली ते आमच्या उंबऱ्यापाशी थांबले होते, त्या भरवशावर आम्ही एक रात्र जास्त राहिलो. दुसऱ्या दिवशी होडी आली. माणशी एक पिशवी.

सासूबाईंचा एक पत्र्याचा डबा होता. मामंजी जत तालुक्यात शिक्षक असताना दर शनिवारी त्यांना कार्ड टाकत. ती सारी कार्डे त्या डब्यात होती. मी म्हणाले, ‘आई, पिशवीत जागा नाही. डबा माळ्यावर ठेवते, तिथवर पाणी यायचे नाही.’ पाणी माळ्यावर गेले. नंतर डबा उघडला तेव्हा आत चिखल होता आणि त्यात अक्षर नसलेला लगदा.

कादंबरीत हा डबा होडीतून निसटून पाण्यात पडतो. सून हात पुढे करते, पण तो हाती लागत नाही. पहिल्या खर्ड्यात एक पान खरे लिहिले होते. ते मीच वगळले. प्रसंग लांबतो, असे कारण स्वतःला दिले होते.

सासूबाईंची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे. बुधवारी संध्याकाळी त्या म्हणाल्या, ‘मला वाचता येत नाही, तूच वाचून दाखव.’ मी पुराचे प्रकरण वाचू लागले. डब्यापाशी आले, तेव्हा आवाज आपोआप घाईचा झाला.

‘डबा होडीत कुठे होता गं?’ त्यांनी विचारले.

मी गप्प राहिले.

‘पिशवीत तुझ्या वह्या होत्या. चार. होडीत ती पिशवी माझ्याच मांडीवर होती.’

एवढेच बोलून त्यांनी वातींचा कापूस पुढे ओढला. इतकी वर्षे त्यांना हे ठाऊक होते, आणि त्यांना ठाऊक नाही या समजुतीवर मी अख्खे प्रकरण उभे केले होते. रागावल्या असत्या, तर मला काही उत्तर सुचले असते.

गुरुवारी पहाटे मी वगळलेले पान शोधले. ते नीट उतरलेले नव्हते. त्यात सुनेची बाजू फार मांडली होती. पुन्हा लिहिले. शुक्रवारी मुद्रकांना फोन केला. एक पान वाढले तर फॉर्मा वाढेल आणि कागदाचा खर्चही, हे त्यांनी शांतपणे समजावले. मग मी दुसऱ्या एका प्रकरणातले नदीचे वर्णन काढले. ते मला आवडत होते, पण त्यावाचून कोणाचे अडणार नव्हते.

रविवारी सगळ्यांची जेवणे झाल्यावर नवे पान सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांनी मध्ये एकदाच थांबवले. ‘पत्र्याचा म्हणू नकोस नुसते. बिस्किटांचा डबा होता, झाकणावर पोपट होता.’ मी पोपट लिहिला. मग धीर करून विचारले, ‘आई, मामंजी कार्डात काय लिहायचे?’

‘काय लिहिणार? पाऊस नाही. ज्वारी कशी आहे. शाळेत मुले किती आली.’ त्या थोडा वेळ थांबल्या. मग एका कार्डातल्या चार ओळी त्यांनी सलग, अडखळल्याशिवाय म्हणून दाखवल्या. माझा हात पेनाकडे गेलेला त्यांनी पाहिला असावा.

‘हे पुस्तकात नको,’ त्या म्हणाल्या.

मी वही मिटून उशीखाली ठेवली आणि त्यांच्या डोळ्यांत औषध घालायला उठले.