कुपीवरील एक ओळ

बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी. तिच्या तळाशी दिसेल न दिसेल असा पांढरा थर. वजन एका मिलिग्रॅमचा दहावा भाग. तोळ्याच्या हिशेबाने किंमत काढली तर सोने तिच्यापुढे स्वस्त ठरावे. आत असते एक मानवी प्रथिन, एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर. आपण त्यास त्वचावर्धक प्रथिन म्हणू. कुपीवर बारीक अक्षरांत एक ओळ असते: केवळ संशोधनासाठी, मनुष्यावर वापरू नये. या ओळीवरून आमच्या घरात दोन महिने वाद चालला होता.

माझे थोरले काका चिखल्यास राहतात. भंडारा जिल्ह्यात तुमसरच्या उत्तरेस गोबरवाहीजवळचे हे गाव मँगेनीजच्या खाणीसाठी प्रसिद्ध आहे. खाणीच्या कचेरीत माल लिहिण्यात काकांचा जन्म गेला. मधुमेह जुना. गेल्या वैशाखात देवळाला अनवाणी प्रदक्षिणा घालताना तापल्या फरशीने तळवा भाजला. पण पायाची संवेदना आधीच गेलेली, त्यामुळे रात्री काकूंनी पाय पाहिला तेव्हा कोठे फोड आल्याचे कळले. फोडाची जखम झाली आणि ती भरेना. नागपूरच्या शल्यवैद्यांनी अंगठा काढण्याची भाषा काढली.

माझी मुलगी पुण्यास एका प्रयोगशाळेत त्वचेच्या पेशी वाढविण्याचे काम करते. (१९६० नंतरच्या दशकात कमल रणदिवे यांनी मुंबईस भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली, ही विद्या आपल्याकडे रुजविणारी एक मराठी स्त्री होती, हे आपल्या घरांतून फारसे ठाऊक नसते.) बशीतल्या पेशींना ती जे खाद्य देते, त्यात हेच प्रथिन असते. हे काकांच्या कानी गेले, आणि त्यांनी सरळ निरोप धाडला, "तुझ्या त्या कुपीतली एक इकडे घेऊन ये. बशीतल्या कातडीला चालते, ते आजोबाच्या कातडीला का चालू नये?"

मुलीने नाही म्हटले. वडीलधाऱ्यांस नातीने नाही म्हणावे, तेही पायाचा प्रश्न असताना! घरात दोन तट पडले. माझ्या बंधूंनी तर तिला निष्ठुर ठरविले. मला स्वतःला तिचा नकार पटला होता, पण तो काकांस कसा पटवावा हे सुचत नव्हते.

शेवटी तीच रजा काढून चिखल्यास गेली. आधी तिने काकूंस समजाविले. पातेलेभर दुधाला विरजण किती थोडे लागते. याचे प्रमाण त्याहूनही थोडे, लिटरभर पोषकद्रवास दहा-वीस मायक्रोग्रॅम. स्टॅन्ली कोहेन या अमेरिकन शास्त्रज्ञास हे प्रथिन उंदराच्या लाळग्रंथीत सापडले. ग्रंथीचा अर्क टोचलेल्या उंदराच्या पिलांचे डोळे वेळेआधीच उघडू लागले, म्हणून त्याने शोध घेतला. १९६२ साली तो प्रसिद्ध झाला आणि १९८६ साली रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासमवेत त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. आज त्यासाठी उंदीर लागत नाहीत. मानवी जनुकाचा तुकडा एका सूक्ष्म जंतूत बसवितात. जंतू वाढतात आणि ती ५३ अमिनो आम्लांची साखळी घडवितात. मग जंतू फोडून प्रथिन वेगळे काढावयाचे, शुद्ध करून गोठवून वाळवावयाचे.

"हैदराबादच्या भारत बायोटेकने याचेच मलम काढले आहे म्हणतात. प्रथिन तेच ना?" काकांनी विचारले.

"तेच, आजोबा."

"मग?"

"तुमच्या खाणीतले मँगेनीजही तेच. पण फॉस्फरस किती आहे हे न पाहता तुम्ही कधी वाघीण भरू दिलीत का?"

काका गप्प बसले. पोलादाच्या कारखान्यास फॉस्फरस चालत नाही, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक! मग तिने सांगितले, की त्या जंतूच्या आवरणातील विषारी अंश लेशमात्र जरी रक्तात उतरला तरी ताप भरतो, प्रसंगी जिवावर बेतते. शिवाय हे प्रथिन वाढीचा निरोप देते, पण तो कोणती पेशी ऐकेल हे सांगता येत नाही. याच जातीच्या दुसऱ्या एका प्रथिनाचे मलम अमेरिकेत १९९७ साली मधुमेही जखमांसाठी मान्य झाले. पुष्कळ नळ्या वापरणाऱ्यांत कर्करोगाने मृत्यू अधिक दिसले, म्हणून २००८ साली त्यावर ठळक इशारा छापावा लागला. पुढे अधिक पाहणी होऊन २०१८ साली तो काढण्यात आला. ही दहा वर्षांची पाहणी मलमाची झाली होती. तिच्या कुपीची तशी कोणीच केलेली नव्हती.

नागपूरचे शल्यवैद्य मलमाच्या विरुद्ध नव्हते. परंतु पायात रक्त नीट पोचते की नाही ते आधी पाहू, मेलेले मांस काढू, साखर आटोक्यात आणू, पायावरचा भार उतरवू. मग मलम, असा त्यांनी क्रम लावून दिला. यांतले भार उतरविण्याचे काम सर्वांत कठीण गेले, कारण काकांना बसविणे म्हणजे वाहत्या बावनथडीस थांबविणे!

अंगठा शाबूत आहे. जखम अद्याप चिंचोक्याएवढी आहे. दर आठ दिवसांनी काकू पट्टीने तिचे माप घेतात आणि काका ते वहीत तारीखवार लिहितात. मलम कोणत्या दिवसापासून सुरू झाले, तेथे तांबड्या शाईने रेघ ओढलेली आहे.